पाच वर्षं नक्की कोणाची? आमदारकीच्या मुदतीचा हिशेब

नोव्हेंबर २०२४ चा शेवटचा आठवडा आठवून बघा. २३ तारखेला विधानसभेचा निकाल लागला, महायुतीला घसघशीत बहुमत मिळालं, तरी मुख्यमंत्री काही ठरेना. त्या दिवसांत एक गोष्ट चॅनेलवर आणि व्हॉट्सॲपवर अगदी ठामपणे सांगितली जात होती: २६ तारखेपर्यंत सरकार बसलं नाही तर राष्ट्रपती राजवट लागणार, कारण त्या दिवशी विधानसभेची मुदत संपतेय. २६ तारीख आली आणि गेली. एकनाथ शिंदे यांनी त्या दिवशी राजीनामा दिला, काळजीवाहू मुख्यमंत्री म्हणून काम बघत राहिले, आणि ५ डिसेंबरला आझाद मैदानावर देवेंद्र फडणवीस यांचा शपथविधी झाला. राष्ट्रपती राजवट लागलीच नाही.

गंमत म्हणजे त्या चर्चेतली तारीख बरोबर होती. विधानसभेची मुदत २६ नोव्हेंबरलाच संपत होती. घोळ होता तो पुढच्या निष्कर्षात. आणि हा घोळ समजून घेतला की आमदार, विधानसभा, विधान परिषद यांच्या मुदतींचं बरंचसं कोडं सुटतं. कारण आपण ‘पाच वर्षं’ म्हणतो ती एकच मुदत आहे असं धरून चालतो. प्रत्यक्षात सभागृहाची मुदत वेगळी, आमदाराची वेगळी आणि सरकारची तर त्याहून वेगळी.

आधी २६ नोव्हेंबर कुठून आला ते बघू. २०१९ चा निकाल लागला होता २४ ऑक्टोबरला. मग पाच वर्षं २३ ऑक्टोबर २०२४ ला संपायला हवी होती, नाही का? तर नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद १७२ सांगतो की विधानसभेची मुदत तिच्या पहिल्या बैठकीसाठी नेमलेल्या तारखेपासून पाच वर्षं. मतदानाच्या तारखेपासून नाही, निकालापासून नाही, मुख्यमंत्र्यांच्या शपथेपासूनही नाही. २०१९ मध्ये निकालानंतर काय काय घडलं ते महाराष्ट्राला पाठ आहे: युती तुटली, राष्ट्रपती राजवट आली, पहाटेचा शपथविधी झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. या सगळ्या धामधुमीत निवडून आलेले २८८ जण सभागृहाबाहेरच होते. विधान भवनात त्यांची पहिली बैठक भरली ती २७ नोव्हेंबर २०१९ ला सकाळी, हंगामी अध्यक्ष कालिदास कोळंबकर यांच्यासमोर. घड्याळ सुरू झालं ते तेव्हा. म्हणून ते थांबलं २६ नोव्हेंबर २०२४ ला.

आता राष्ट्रपती राजवटीचं. निकाल लागला की निवडणूक आयोग निवडून आलेल्यांची नावं अधिसूचनेद्वारे राजपत्रात प्रसिद्ध करतो. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ चं कलम ७३ म्हणतं की ही अधिसूचना निघाली की नवं सभागृह रीतसर स्थापन झालं असं समजायचं. जुन्या सभागृहाच्या मुदतीला त्यामुळे धक्का लागत नाही, हेही तिथेच लिहिलेलं आहे. २०२४ मध्ये निकालाच्या दुसऱ्याच दिवशी, २४ नोव्हेंबरला, आयोगाच्या अधिकाऱ्यांनी ते राजपत्र राज्यपालांच्या हाती दिलं. म्हणजे जुनी विधानसभा संपायच्या आत नवी अस्तित्वात आलेली होती. तिची बैठक तेवढी बाकी होती. आणि सरकार? मुख्यमंत्री राज्यपाल नेमतात, पर्यायी व्यवस्था होईपर्यंत मावळत्याला काम बघायला सांगतात. विधानसभेची मुदत संपली म्हणजे आपोआप राष्ट्रपती राजवट, असं घटनेत कुठंही नाही.

मग लोकांना तसं का वाटलं? २०१९ मुळेच. त्याआधीच्या, म्हणजे तेराव्या विधानसभेची मुदत ९ नोव्हेंबर २०१९ ला संपली आणि १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली. दोन्ही गोष्टी लागोपाठ घडल्यानं एकीमुळे दुसरी घडली असा समज झाला. तेव्हाचं खरं कारण होतं ते कुणालाच बहुमताचा आकडा दाखवता आला नाही हे. २०२४ मध्ये आकडा ढिगानं होता, अडलं होतं ते खुर्चीवर बसणार कोण यापाशी.

अनुच्छेद १७२ मधला आणखी एक बारकावा. पाच वर्षं ‘आणि त्याहून अधिक नाही’ असं तिथं आहे, आणि त्याआधी ‘लवकर विसर्जित झाली नाही तर’ अशी अटही आहे. थोडक्यात, पाच वर्षं ही कमाल मर्यादा आहे. हमी नव्हे. ती आत मोडता येते, बाहेर मात्र ताणता येत नाही. याला अपवाद एकच, आणीबाणी. आणीबाणी लागू असेल तर संसद कायदा करून विधानसभेची मुदत एका वेळी एका वर्षानं वाढवू शकते, आणि आणीबाणी उठल्यावर सहा महिन्यांच्या पुढे ती वाढ टिकत नाही.

महाराष्ट्रानं दोन्ही प्रकार पाहिलेत, तेही पाठोपाठ. १९७२ च्या मार्चमध्ये निवडून आलेली विधानसभा १९७७ मध्ये संपायला हवी होती. मधल्या काळात आणीबाणी आली आणि ४२ व्या घटनादुरुस्तीनं लोकसभेची आणि विधानसभांची मुदत पाचवरून सहा वर्षं केली. महाराष्ट्रात मतदान झालं ते थेट फेब्रुवारी १९७८ मध्ये. नंतर ४४ व्या दुरुस्तीनं सहाची पुन्हा पाच झाली. पण १९७८ च्या त्या सभागृहाला पाच सोडाच, अडीच वर्षंही मिळाली नाहीत. जुलै १९७८ मध्ये शरद पवारांचं पुरोगामी लोकशाही दलाचं (पुलोद) सरकार आलं, फेब्रुवारी १९८० मध्ये इंदिरा गांधींच्या केंद्र सरकारनं ते घालवलं, विधानसभा बरखास्त झाली आणि त्या उन्हाळ्यात पुन्हा निवडणूक. एका पिढीच्या आमदारांना सहा वर्षं, पुढच्यांना दोन. त्या काळात पहिल्यांदाच निवडून आलेल्या एखाद्याला काय वाटलं असेल, कल्पना करा.

तिसरा प्रकार खुद्द सत्ताधाऱ्यांनीच मुदत आखडती घेण्याचा. मार्च १९९५ मध्ये सत्तेवर आलेलं शिवसेना-भाजप युतीचं सरकार २००० च्या सुरुवातीपर्यंत चालू शकलं असतं. पण १९९९ च्या सप्टेंबरात लोकसभेची निवडणूक होतेय तर तिच्यासोबतच विधानसभाही उरकून घेऊ, असं ठरलं. डाव अंगाशी आला, सत्ता गेली. राजकारण बाजूला ठेवलं तरी त्या एका निर्णयाची खूण आजही कॅलेंडरवर दिसते. त्याआधी महाराष्ट्रात विधानसभेच्या निवडणुका साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये व्हायच्या: १९७८, १९८५, १९९०, १९९५. १९९९ नंतर त्या दसरा-दिवाळीच्या आगेमागे येऊ लागल्या, आणि आता हळूहळू पुढेच सरकतायत. २००४ आणि २००९ मध्ये १३ ऑक्टोबर, २०१४ मध्ये १५, २०१९ मध्ये २१ ऑक्टोबर, २०२४ मध्ये २० नोव्हेंबर. दर वेळी पहिली बैठक थोडी लांबते, मुदतीचं शेवटचं टोकही तितकंच लांबतं. ऐन फराळाच्या दिवसांतल्या आचारसंहितेबद्दल कुणी कुरकुर केली तर त्याला १९९९ ची आठवण करून द्यावी. गोव्यातही हे घडलंय. जून १९९९ मध्ये निवडून आलेली ४० जणांची विधानसभा मनोहर पर्रीकरांच्या शिफारशीवरून फेब्रुवारी २००२ मध्ये विसर्जित झाली.

बरखास्त करणं आणि स्थगित ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्याही बऱ्याचदा एकमेकींत मिसळल्या जातात. विधानसभा बरखास्त झाली की सगळे आमदार माजी होतात. राष्ट्रपती राजवटीत सभागृह नुसतं स्थगित ठेवलं तर आमदार आमदारच राहतात, फक्त सभागृह भरत नाही. १९८० मध्ये पहिला प्रकार झाला, २०१९ मध्ये दुसरा. म्हणून तर तेव्हा पुन्हा मतदान न घेता सरकार बनू शकलं.

आता सभागृहाकडून आमदाराकडे वळू. विधानसभेच्या आमदाराला स्वतःची अशी वेगळी मुदत नसते. सभागृहाच्या मुदतीत जे उरलं असेल ते त्याचं. पुण्यात कसबा पेठेत फेब्रुवारी २०२३ मध्ये पोटनिवडणूक झाली, रवींद्र धंगेकर जिंकले, राज्यभर गाजावाजा झाला. त्यांना मिळालेली आमदारकी जेमतेम पावणेदोन वर्षांची होती, कारण सभागृहाचं घड्याळ २०१९ पासूनच चाललेलं होतं.

जागा रिकामी झाली की सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यायची, असा नियम आहे. त्याला एक सूट आहे: उरलेली मुदत एक वर्षापेक्षा कमी असेल तर घ्यायची गरज नाही. हे ‘एक वर्ष’ मोजायचं कुठून, यावरून अकोला पश्चिममध्ये खरीखुरी कोर्टबाजी झाली. तिथले आमदार गोवर्धन शर्मा यांचं नोव्हेंबर २०२३ च्या सुरुवातीला निधन झालं. सभागृहाची मुदत २६ नोव्हेंबर २०२४ पर्यंत, म्हणजे जागा रिकामी झाली त्या दिवशी वर्षाहून तीनेक आठवडे जास्तच शिल्लक होते. आयोगानं लोकसभेसोबत २६ एप्रिल २०२४ ला मतदान जाहीर केलं. पण निकाल लागणार ४ जूनला. नवा आमदार येणार तेव्हा त्याच्या वाट्याला जेमतेम पावणेसहा महिने, त्यातले शेवटचे आचारसंहितेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं येणाऱ्याला किती काळ मिळेल हे बघितलं आणि पोटनिवडणूक रद्द केली. मतदारांचा हक्क मोठा की सरकारी खर्च, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. मला स्वतःला निकाल व्यवहाराला धरून वाटतो, पण एखादा मतदारसंघ वर्षभर आमदाराविना राहतो ही गोष्टही लहान नाही.

आमदारकी जाण्याचे मार्ग बरेच आहेत: राजीनामा, लाभाचं पद, दिवाळखोरी, भारताचं नागरिकत्व गमावणं, दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा, पक्षांतरबंदी. पक्षांतरबंदीवर महाराष्ट्रात २०२२ पासून इतकं बोललं गेलंय की इथे ते सोडून देतो. त्यापेक्षा कमी माहीत असलेला एक मार्ग आहे, गैरहजेरीचा. सभागृहाच्या परवानगीशिवाय सलग साठ दिवस दांडी मारली तर सभागृह ती जागा रिक्त जाहीर करू शकतं. मात्र अधिवेशन संस्थगित असतानाचे, म्हणजे ते संपवून सभागृह बंद असतानाचे दिवस आणि सलग चार दिवसांहून मोठ्या सुट्ट्या यात धरत नाहीत. आपल्याकडे अधिवेशनंच इतकी आटोपशीर होतात की साठचा आकडा गाठायचा म्हटलं तरी कष्ट पडतील.

पण हाच साठ दिवसांचा नियम एका मोठ्या खटल्यात कामी आला. ५ जुलै २०२१ ला तालिका अध्यक्षांशी (अध्यक्षांच्या जागी कामकाज चालवणाऱ्या सदस्याशी) गैरवर्तन केल्याच्या कारणावरून भाजपच्या बारा आमदारांना एक वर्षासाठी निलंबित केलं गेलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २८ जानेवारी २०२२ ला न्यायालयानं ते निलंबन घटनाबाह्य ठरवलं. युक्तिवाद मोठा सुंदर आहे. साठ दिवसांच्या गैरहजेरीवर जागाच रिकामी होऊ शकते, तर वर्षभराचं निलंबन कसं चालेल? आमदाराला सभागृहातून कायमचं काढून टाकलं, तर जागा रिकामी होते आणि सहा महिन्यांत तिथे नवा माणूस निवडून येतो. निलंबित केलं तर जागा भरलेलीच असते, पोटनिवडणूक होत नाही, आणि वर्षभर त्या मतदारसंघाचा आवाज सभागृहात नसतो. म्हणजे निलंबनाची शिक्षा हकालपट्टीपेक्षाही कडक, आणि ती भोगायची मतदारांनी. न्यायालयानं मर्यादा घालून दिली: निलंबन करायचंच असेल तर चालू अधिवेशनापुरतं.

शपथेचंही एक बघा. निवडून आल्यावर आमदारानं शपथ घेतल्याशिवाय सभागृहात बसायचं नाही, मतदान करायचं नाही. बसला तर दर दिवसाला पाचशे रुपये दंड. घटना लागू झाली तेव्हाही पाचशे, आजही पाचशे. ७ डिसेंबर २०२४ ला नव्या, पंधराव्या विधानसभेची पहिली बैठक भरली तेव्हा महाविकास आघाडीच्या आमदारांनी ईव्हीएमच्या निषेधार्थ शपथ घेतली नाही आणि ते बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी घेतली. पण त्यांनी न घेतल्यानं घड्याळ थांबलं नाही. पंधराव्या विधानसभेची पाच वर्षं ७ डिसेंबरपासूनच मोजली जाणार, आणि मध्येच विसर्जन झालं नाही तर ती ६ डिसेंबर २०२९ ला संपणार.

संख्येचं थोडक्यात सांगतो. घटनेनुसार विधानसभेत किमान ६० आणि कमाल ५०० सदस्य. गोव्यासारख्या छोट्या राज्यांना वेगळी सोय आहे. महाराष्ट्रात १९६२ मध्ये २६४ जागा होत्या, १९६७ मध्ये २७०, आणि १९७८ पासून २८८. त्यांतल्या २९ अनुसूचित जातींसाठी आणि २५ जमातींसाठी राखीव. अँग्लो इंडियन समाजातून एक सदस्य राज्यपाल नेमायचे, ती तरतूद जानेवारी २०२० मध्ये संपली. २००८ मध्ये मतदारसंघांच्या हद्दी बदलल्या, आकडा मात्र तोच राहिला, कारण तो २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवून ठेवलेला आहे.

आणि आता विधान परिषद. इथलं गणितच निराळं. परिषद कधीही विसर्जित होत नाही. चाळीत बिऱ्हाडं बदलत राहावीत आणि चाळ तशीच उभी असावी, तसं हे सभागृह. प्रत्येक सदस्याची मुदत सहा वर्षांची, आणि दर दोन वर्षांनी सुमारे एक तृतीयांश निवृत्त होतात. महाराष्ट्रात ७८ जागा आहेत: विधानसभेचे आमदार निवडतात ३०, स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य २२, पदवीधर ७, शिक्षक ७, आणि राज्यपाल नेमतात १२. विधानसभेसाठी वय किमान २५ लागतं, इथे ३०.

परिषदेत मुदत व्यक्तीला चिकटते असं वाटेल, पण ती खरं तर जागेला चिकटते. नोव्हेंबर २०२४ मध्ये परिषदेचे सहा सदस्य विधानसभेवर निवडून आले. दोन्ही सभागृहांत एकाच वेळी राहता येत नाही, त्यामुळे त्यांच्या जागा रिकाम्या झाल्या आणि त्यातल्या आमदारांनी निवडायच्या पाच जागांसाठी मार्च २०२५ मध्ये पोटनिवडणूक लागली. पाच जागा, पाचच उमेदवार उरले, सगळे बिनविरोध. पण हाती आलं ते सारखं नाही. प्रवीण दटके, रमेश कराड आणि गोपीचंद पडळकर यांच्या जागांवर आलेल्यांना मे २०२६ पर्यंतच वेळ, आमश्या पाडवींच्या जागेवर आलेल्याला २०२८ पर्यंत, राजेश विटेकरांच्या जागेवर आलेल्याला २०३० पर्यंत. कोण कुणाच्या जागेवर बसतंय यावर सारं अवलंबून. बातमीत ‘पाच जण बिनविरोध’ एवढंच छापलं जातं, पक्षात मात्र खरी रस्सीखेच कुठली जागा मिळतेय यावर चालते.

त्यातल्या पहिल्या तीन जागा कुठून आल्या हेही रंजक आहे. मे २०२० मध्ये नऊ जागांची जी बिनविरोध निवडणूक झाली, त्यातल्या त्या. ती निवडणूक कोविडमुळे लांबली होती आणि तिच्यावर राज्याचं सरकार अवलंबून होतं. आमदार नसलेली व्यक्ती मंत्री किंवा मुख्यमंत्री होऊ शकते, पण सहा महिन्यांत कुठल्या तरी सभागृहात यावंच लागतं. उद्धव ठाकरे यांनी २८ नोव्हेंबर २०१९ ला शपथ घेतली होती आणि ते कुठल्याच सभागृहात नव्हते. मे अखेरीस मुदत संपणार, आणि निवडणुका तर बंद. मंत्रिमंडळानं त्यांना राज्यपालनियुक्त जागेवर घ्यावं अशी शिफारस केली, ती काही पुढे सरकली नाही. शेवटी आयोगानं निवडणूक घेतली आणि १४ मे २०२० ला ते निवडून आल्याचं जाहीर झालं. दोन आठवडे राखून. सहा महिने संपले की राजीनामा द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शपथ घ्यायची, ही पळवाट पंजाबमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्येच बंद केलेली आहे.

सभागृह कायम असतं म्हणून ते भरलेलं असतं असं नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये ठाकरे मंत्रिमंडळानं बारा नावं राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांच्याकडे पाठवली. त्यांनी ना होकार दिला ना नकार. राज्यपालांनी वाजवी वेळेत निर्णय घ्यायला हवा, असं उच्च न्यायालयानंही ऑगस्ट २०२१ मध्ये म्हटलं. पुढे सरकार बदललं, यादी मागे घेतली गेली, आणि त्या बारापैकी सात जागांवर नव्या सदस्यांचा शपथविधी झाला तो १५ ऑक्टोबर २०२४ ला, विधानसभा निवडणूक जाहीर झाली त्याच दिवशी. नेमणुकीला कालमर्यादा घटनेत नाही, तिथे हे असं होतं. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या जागांचंही तेच. बऱ्याच महापालिका आणि जिल्हा परिषदांच्या मुदती २०२२ मध्ये संपल्या, ओबीसी आरक्षणाच्या वादात निवडणुका रखडल्या, प्रशासक बसले. नगरसेवकच नव्हते तर परिषदेसाठी मतदान करणार कोण? त्या जागा एकामागून एक रिकाम्या होत गेल्या.

या सगळ्यात आता एक नवा तुकडा जोडला जाऊ पाहतोय. ‘एक देश, एक निवडणूक’ यासाठीचं १२९ वं घटनादुरुस्ती विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं आणि संयुक्त संसदीय समितीकडे गेलं. त्यात प्रस्ताव असा की ठरलेल्या तारखेनंतर निवडून येणाऱ्या विधानसभांची मुदत लोकसभेच्या मुदतीबरोबरच संपेल. समजा ती तारीख २०२९ च्या लोकसभेपासून धरली, तर त्या वर्षाच्या अखेरीस निवडून येणाऱ्या महाराष्ट्र विधानसभेला पाच वर्षं पुरी मिळणार नाहीत, २०३४ च्या उन्हाळ्यात तिचं काम आटोपेल. आणि मध्येच सरकार पडून विधानसभा विसर्जित झाली, तर नवी येणार ती उरलेल्या काळापुरती. आज पोटनिवडणुकीतून आलेल्या एकट्या आमदाराला जो नियम लागतो, तो मग अख्ख्या सभागृहाला लागेल.